संगणकाची नाडी



आजारी माणूस डॉक्टरकडे किंवा हकिमाकडे गेला, की ते सर्वप्रथम काय करतात? त्याचा हात हातात घेऊन नाडी पाहतात. नाडी संथ आहे की जलद, एकसारखी चालते की मध्येच अडखळते, यावरून त्यांना पुष्कळ गोष्टी कळतात. संगणकालाही अशीच एक नाडी असते, असे सांगितले तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. ती हाताला लागत नाही, कानाला ऐकू येत नाही. पण तिच्या ठोक्यांवरच संगणकाचे सगळे काम चालते. ही नाडी बिघडली की संगणक कसा वागतो आणि ती पुन्हा ठिकाणावर कशी आणावी, हे आज आपण आमच्या शाळेतील एका प्रसंगातून समजून घेऊ.

२०१५ सालच्या डिसेंबर महिन्यात आमच्या शाळेला एक जुना संगणक भेट मिळाला. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले, तेव्हा जुन्यांपैकी एक आम्हांला दिला. सोबत भेटपत्र होते आणि त्यात प्रत्येक भागाचे नाव लिहिलेले होते. प्रोसेसर होता ‘अ‍ॅथलॉन एक्सपी २५०० प्लस’. हा प्रोसेसर २००३ साली बाजारात आला. म्हणजे आमच्याकडे येईपर्यंत तो बराच म्हातारा झाला होता. पण आम्हांला त्याचे काय? शाळेत मुले दोनशे आणि चालू संगणक तीन. त्यात चौथा आला, याचाच सर्वांना आनंद झाला. मधल्या सुट्टीत मुली त्यावर मराठी व उर्दू टंकलेखनाचा सराव करू लागल्या.

थंडीचे दिवस सुखाने गेले. मार्च महिना लागला आणि संगणक त्रास देऊ लागला. काम चालू असताना पडदा एकदम गोठून जाई. कधी निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दिसत. कधी संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. अर्ध्या तासाची मेहनत एका क्षणात वाया जाई. नेमके त्याच आठवड्यात नववीतील एका मुलाने आपल्या प्रकल्पाच्या फाइली पेन ड्राइव्हमधून या संगणकात घातल्या होत्या. मग काय! “यानेच व्हायरस आणला,” असे सगळे म्हणू लागले. मुले त्याला ‘व्हायरसवाला’ म्हणून चिडवू लागली. खरे सांगायचे तर मीही त्याला सर्वांसमोर बोललो. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “सर, त्यात फक्त प्रकल्प होता.” दुसऱ्या दिवसापासून त्याने संगणक कक्षात पाऊल टाकले नाही.

एका दुरुस्ती करणाऱ्याने संगणक पाहिला. “प्रोसेसर गेला. आता हा भंगारात द्या,” असे सांगून तो निघून गेला. मुलावर ठपका आला होता आणि संगणक भंगारात चालला होता. दोन्ही निर्णय झाले होते, पण तपासणी एकही झाली नव्हती!

ती तपासणी आम्ही कशी केली, हे सांगण्यापूर्वी संगणकाची नाडी म्हणजे काय ते पाहू.

तुम्ही मैदानावर कवायत करता. सर ‘एक’ म्हणतात, तुम्ही हात वर करता. सर ‘दोन’ म्हणतात, तुम्ही हात खाली आणता. शंभर मुलांचे हात एकाच वेळी वर जातात, कारण सगळे एकाच इशाऱ्यावर चालतात. प्रोसेसरच्या आत असेच असते. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. आमच्या प्रोसेसरमध्ये सुमारे ५ कोटी ४३ लाख ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचे अतिशय सूक्ष्म बटन. एवढी बटने आपापल्या मनाने चालू-बंद होऊ लागली तर गोंधळ माजेल. म्हणून त्यांना ठोक्यांचा इशारा दिला जातो. एक ठोका पडला की प्रत्येक भाग आपले छोटेसे काम करतो. पुढचा ठोका पडला की पुढचे काम. या ठोक्यांना ‘क्लॉक’ म्हणतात आणि एका सेकंदात किती ठोके पडतात, त्याला ‘क्लॉक स्पीड’ म्हणतात.

हे ठोके देतो कोण? तुमच्या मनगटी घड्याळात क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवरही असा स्फटिक असतो. त्याच्या थरथरण्यावरून एक वेगळी चिप हव्या त्या वेगाचे ठोके तयार करते.

ठोके मोजण्याचे एकक ‘हर्ट्झ’ हे आहे. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले आहे. सेकंदाला एक ठोका म्हणजे एक हर्ट्झ. दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ आणि शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. १९७१ साली आलेला इंटेल ४००४ हा प्रोसेसर सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोक्यांवर चाले. १९८१ सालच्या आय.बी.एम. पर्सनल कॉम्प्युटरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. १९९३ साली पेंटियम आला तो ६० व ६६ मेगाहर्ट्झचा. मार्च २००० मध्ये घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांनी एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. आमच्या अ‍ॅथलॉनचा खरा वेग होता १८३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे १८३ कोटी ठोके! आपल्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ७२ असतात, हे लक्षात घ्या म्हणजे फरक कळेल.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. प्रोसेसरचा वेग १८३३, मग त्याच्या नावात २५०० कशासाठी? नावातील हा आकडा मेगाहर्ट्झचा नव्हे. इतर प्रोसेसरांशी कामाची तुलना करता यावी म्हणून कंपनीने दिलेला तो एक क्रमांक आहे. पुष्कळ लोक येथे फसतात.

आता थोडे गणित करू. मदरबोर्डवर एक मूळ ठोका असतो. त्याला एका ठरावीक संख्येने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. या संख्येला गुणक म्हणू. जुन्या पेंटियम १३३ मध्ये मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा आणि गुणक २ होता. पेंटियम २०० मध्ये मूळ ठोका तोच, पण गुणक ३. आमच्या अ‍ॅथलॉनचा मूळ ठोका १६६.६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक ११. करा गुणाकार! उत्तर १८३३ च्या जवळपास येते की नाही?

हे दोन आकडे ठरवायचे कोठे? पेंटियमच्या काळात मदरबोर्डवर बारीक पिनांच्या जोड्या असत. त्यांवर प्लॅस्टिकचे छोटे टोपण बसवीत. टोपणाच्या आत धातू असल्यामुळे दोन पिना जोडल्या जात. या टोपणाला ‘जंपर’ म्हणतात. कोणत्या पिनांवर जंपर बसवावा, याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असे. जंपर चुकीच्या जागी बसला की वेगही चुकीचा होई. पुढे ही सोय ‘बायोस’मध्ये आली. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा जो कार्यक्रम, तो बायोस. बऱ्याच संगणकांत सुरुवातीलाच ‘डिलीट’ ही कळ दाबली, की बायोसची यादी पडद्यावर येते. तेथे मूळ ठोका आणि विजेचा दाब बदलता येतो. गुणक मात्र पुष्कळ प्रोसेसरांत कारखान्यातच कायम केलेला असतो.

मग वेग वाढवला तर बिघडले कोठे? काम लवकर होईल, असे तुम्ही म्हणाल. पुन्हा कवायतीकडे या. सर सावकाश ‘एक, दोन’ म्हणत आहेत, तोवर सर्वांचे हात बरोबर पडतात. सरांनी मोजणी वाढवली, तरी चपळ मुले साथ देतात. पण मोजणी फारच वाढली तर काय होईल? काहींचे हात पुरते वर गेलेलेच नसतील आणि ‘दोन’चा इशारा येईल. कवायत मोडेल. प्रोसेसरमध्येही विजेला एका ट्रान्झिस्टरपासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. १८३३ मेगाहर्ट्झवर दोन ठोक्यांमधील अवधी सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो. २२०० मेगाहर्ट्झवर तो निम्म्याहूनही कमी होतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा चौदा सेंटिमीटरांहून कमी अंतर जातो! उत्तर तयार होण्यापूर्वीच पुढचा ठोका पडला, तर प्रोसेसर अर्धवट उत्तर घेऊन पुढे जातो. एखाद्या अंकात चूक होते, त्या चुकीवर दुसरी चूक रचली जाते आणि शेवटी संगणक थांबतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. प्रत्येक ठोक्यागणिक ट्रान्झिस्टर थोडी वीज खातात आणि तिची उष्णता होते. ठोके वाढले की उष्णता वाढते. विजेचा दाब वाढवला, तर ती आणखीच वाढते, कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि प्रोसेसर जितका तापतो, तितके त्याचे ट्रान्झिस्टर मंद होतात. म्हणजे एकीकडे मोजणी वाढवायची आणि दुसरीकडे मुलांना उन्हात थकवायचे, असा हा प्रकार आहे.

कारखान्यात एकाच प्रकारच्या चिपा तयार होतात, पण सगळ्या सारख्या चपळ निघत नाहीत. म्हणून तपासणी करून प्रत्येकीला वेगाचा शिक्का दिला जातो. त्यात थोडी जागा राखलेली असते. या राखलेल्या जागेचा फायदा घेऊन काही हौशी लोक प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतात. याला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. ते कधी साधते, कधी साधत नाही. मराठीत एक म्हण आहे, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ ती येथे तंतोतंत लागू पडते.

आता आमच्या तपासणीकडे वळू. मी एक कोरी वही आणली. नियम एकच केला. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा आणि मग परिणाम पाहायचा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही. हकीमसुद्धा चार औषधे एकदम देऊ लागला, तर त्याला रोग कसा समजणार?

पहिला प्रश्न होता : दोष फाइलींत आहे की यंत्रात? फाइली आणि व्हायरस राहतात हार्ड डिस्कवर. आम्ही संगणक बंद केला, वीजतार काढली आणि हार्ड डिस्कची जोडणीच सोडवली. आता संगणकात विंडोज नव्हते, फाइली नव्हत्या, असलाच तर व्हायरसही नव्हता. मग एका सीडीवरून ‘मेमटेस्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. हा कार्यक्रम संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, अंक लिहितो आणि ते जसेच्या तसे परत येतात का हे तपासतो. बारा मिनिटे झाली आणि पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. चूक! पुन्हा चूक! हार्ड डिस्क तर टेबलावर पडलेली होती.

मुलांनो, या लाल ओळींनी मला शरमिंदा केले. ज्या मुलाला मी बोललो, त्याचा या बिघाडाशी काही संबंध नव्हता. पेन ड्राइव्ह लावला आणि त्याच आठवड्यात संगणक बिघडला, एवढेच. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली’ असे मराठीत म्हणतात, ते यालाच. फांदी आधीच कमजोर झालेली असते; बदनाम मात्र कावळा होतो. मी त्या मुलाला बोलावले. ज्या वर्गासमोर त्याला दोष दिला होता, त्याच वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि तपासणीची वही त्याच्या हाती दिली. “आता नोंदी तू करायच्या,” मी म्हणालो. त्याने काही न बोलता पेन उघडले.

दोष यंत्रात आहे हे ठरले. पण कोणत्या भागात? उत्तर एका आठवीतल्या मुलीने शोधले. संगणक सुरू होताना पहिल्या पडद्यावर भराभर काही ओळी येतात. आपण त्यांच्याकडे पाहतच नाही. तिने ‘पॉज’ची कळ दाबून पडदा थांबवला आणि विचारले, “सर, भेटपत्रात २५०० प्लस लिहिले आहे. इथे ३२०० प्लस कसे?”

प्रश्न लहान होता, पण सगळी गाठ तेथेच सुटली. बायोसमध्ये पाहिले, तर मूळ ठोका १६६ च्या जागी २०० केलेला होता. दोनशे गुणिले अकरा म्हणजे २२०० मेगाहर्ट्झ. आणि २२०० मेगाहर्ट्झ हा त्याच घराण्यातील ३२०० प्लस या प्रोसेसरचा वेग! बायोस केवळ वेग पाहून नाव सांगत होता. विजेचा दाबही १.६५ व्होल्टऐवजी १.७५ केलेला होता. पूर्वी कधीतरी कोणीतरी हा प्रोसेसर जास्त पळवला होता. हिशेब करून पाहा. वेग १.२ पट झाला. दाब सुमारे १.०६ पट झाला आणि त्याचा वर्ग सुमारे १.१२. दोन्हींचा गुणाकार १.३५ च्या आसपास येतो. म्हणजे प्रोसेसर सुमारे ३५ टक्के अधिक उष्णता सोडत होता.

रॅमचीही तीच गत होती. तिच्यावरील चिठ्ठीवर ३३३ हा आकडा होता. ही रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते, म्हणून १६६.६६ ची दुप्पट ३३३. मूळ ठोका २०० केल्यामुळे तिला ४०० च्या वेगाने धावावे लागत होते. थंडीत तिने कसेबसे निभावले. मार्चच्या उन्हाळ्यात मात्र तिचा आणि प्रोसेसरचा दम सुटला.

आम्ही मूळ ठोका पुन्हा १६६ केला. मेमटेस्ट चार तास चालवला. एकही लाल ओळ आली नाही. मग दाब १.६५ केला. पुन्हा तपासले. चूक नाही. वहीत दोन स्वतंत्र नोंदी झाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण दोन दिवसांनी, भर दुपारी, संगणक पुन्हा एकदा थांबला.

येथे घाबरून जायचे नसते. उर्दूत आपण ज्याला ‘सब्र’ म्हणतो, त्यावरूनच मराठीत ‘सबुरी’ हा शब्द आला आहे. दुरुस्तीच्या कामात ज्ञानाइतकीच सबुरीही लागते. सकाळी दोष नाही आणि दुपारी दोष आहे, याचा अर्थ काय? संशय पुन्हा उष्णतेकडेच जातो. बायोसमध्ये तापमान दाखवणारे एक पान असते. संगणक लगेच पुन्हा सुरू करून पाहिले, तर प्रोसेसरचे तापमान ७६ अंश सेल्सिअस होते. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८५ अंश आहे. काम चालू असताना तापमान ७६ च्याही वर जात असणार, हे उघड होते.

प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याला ‘हीट सिंक’ म्हणतात. त्यावर पंखा असतो. पंखा काढून पाहतो, तर पट्ट्यांमध्ये धुळीचा जाड थर गादीसारखा बसलेला! वारा आत जाणार कोठून? धूळ मऊ ब्रशने काढली. मग हीट सिंक उचलला. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये एक लेप लावतात. दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म पोकळ्या तो भरून काढतो, त्यामुळे उष्णता लवकर वर जाते. आमच्या संगणकातील लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. हे काम मी स्वतः, फार जपून केले, कारण या प्रोसेसरच्या चिपेवर धातूचे झाकण नसते. हीट सिंक तिरका दाबला गेला, तर चिपेचा कोपरा तुटतो. आणि हीट सिंक न बसवता तर असा प्रोसेसर काही सेकंदही चालवू नये. तो जळून जातो.

पुन्हा संगणक सुरू केला. तापमान ५२ अंश! एप्रिलच्या उन्हातही संगणक थांबला नाही.

गोष्ट येथे संपली, असे आम्हांला वाटले होते. उन्हाळी सुट्टीनंतर जून महिन्यात शाळा उघडली. संगणक सुरू झाला, पण फार हळू चालू लागला. पडद्यावर तारीख २००३ सालची होती आणि वेग ११०० मेगाहर्ट्झ. आता तुम्हीच सांगा, काय झाले असेल? मागचे गणित आठवा. ११०० ला ११ ने भागले की १०० येतात. मूळ ठोका १०० वर आला होता. मदरबोर्डवर नाण्यासारखी एक छोटी बॅटरी असते. वीज बंद असताना तारीख आणि बायोसमधील आकडे तीच सांभाळते. ती संपली की बायोस सगळे विसरतो आणि सर्वांत सुरक्षित असा संथ वेग निवडतो. त्या बॅटरीचे नाव सी.आर. २०३२. तिचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून हे नाव. दाब ३ व्होल्ट. नवी बॅटरी बसवली, मूळ ठोका पुन्हा १६६ केला आणि संगणक पूर्ववत झाला. लक्षात ठेवा : नाडी फार जलद झाली तर संगणक अडखळतो, फार संथ झाली तर तो अडखळत नाही, फक्त रेंगाळतो.

तुमच्या शाळेत किंवा घरी असा जुना संगणक अडखळू लागला, तर पुढील क्रमाने विचार करा :

१. संगणक कधी थांबतो ते लिहून ठेवा. सुरू होताच, की तापल्यावर? एकाच कामात, की कोणत्याही कामात?

२. पहिल्या पडद्यावरील प्रोसेसरचे नाव, वेग आणि तारीख वाचा. प्रोसेसरच्या खऱ्या नावाशी ताडून पाहा.

३. बायोसमधील आकडे कोणीतरी बदलले असावेत असे वाटले, तर सुरक्षित आकडे परत आणण्याची सोय बायोसमध्येच असते, ती वापरा.

४. तापमान पाहा. पंखा फिरतो का आणि धूळ साचली आहे का ते पाहा.

५. मेमटेस्टने रॅम तपासा. दोन रॅम असतील तर एका वेळी एकच लावून पाहा.

६. मदरबोर्डवरील डब्यांसारख्या छोट्या कपॅसिटरांचे माथे फुगलेले आहेत का ते पाहा. २००० च्या दशकातील बऱ्याच मदरबोर्डांत हा दोष आढळला होता. ते फुगले की प्रोसेसरला स्थिर वीज मिळत नाही.

७. वीजपुरवठ्याचे आकडे बायोसमध्ये वाचा. १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आणि ५ व्होल्टचा ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान असावा.

८. एवढे करूनही दोष राहिला, तरच भाग बदलण्याचा विचार करा.

एक ताकीद मात्र विसरू नका. शिक्षक किंवा घरातील जाणकार मोठी माणसे जवळ असल्याशिवाय संगणक उघडू नका. उघडण्यापूर्वी वीजतार काढा. आतील भागांना हात लावण्याआधी पेटीच्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाईल. आणि वीजपुरवठ्याची पेटी तर कधीच उघडू नका. तार काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

आजचे प्रोसेसर आपली नाडी स्वतःच सांभाळतात. काम कमी असले की ते ठोके कमी करतात, काम वाढले की वाढवतात आणि फार तापले की आपोआप मंद होतात. मोबाईलवर बराच वेळ खेळ खेळल्यावर तो गरम होतो आणि हळू चालू लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो बिघडलेला नसतो. तो स्वतःला वाचवत असतो. आमच्या जुन्या अ‍ॅथलॉनला ही कला येत नव्हती. त्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागत होती.

ती वही अजून आमच्या संगणक कक्षात आहे. तिच्या शेवटच्या पानावर त्या मुलाच्या अक्षरात ही नोंद आहे : “२० जून २०१६. बॅटरी बदलली. वेग १८३३. तापमान ५३. संगणक चालू आहे. कोणाचा दोष नाही.”

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) क्लॉक स्पीड म्हणजे काय?
(आ) भेटपत्रातील आणि पडद्यावरील नावात काय फरक होता?
(इ) जूनमध्ये संगणक संथ का झाला?

२. कारणे द्या.
(अ) हार्ड डिस्क काढल्यावरही चुका आल्या, तेव्हा लेखकाला शरम वाटली.
(आ) एका वेळी एकच बदल करावा.

३. गणित करा : मूळ ठोका १३३ मेगाहर्ट्झ आणि गुणक ११ असेल, तर वरील प्रोसेसरचा वेग किती होईल? तो अडखळेल की रेंगाळेल?

४. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ या म्हणीला शोभेल असा तुमच्या अनुभवातील एक प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.

५. मेहनत, शरमिंदा, बदनाम, ताकीद, सबुरी हे शब्द मराठीत आणि उर्दूत कसे वापरतात? प्रत्येकाचे एक-एक मराठी वाक्य तयार करा.